मदत हवी आहे: परिसंवादात माईक शिट्टी मारतात, मागे ऐकू येत नाही

काजवा
शनिवारी आमचा परिसंवाद आहे. मागच्या वेळी आवाजाने घात केला. मागच्या रांगांतून "ऐकू येत नाही" अशी ओरड, आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की पुन्हा ओरड. एक आजी मध्येच उठून गेल्या. म्हणाल्या, नुसते ओठ हलताना दिसतात. फार वाईट वाटलं, कारण वक्ते खरंच जीव तोडून बोलत होते. या वेळी मोठे स्पीकर मागवणार आहे. किती वॅटचे घेऊ? उद्या संध्याकाळपर्यंत साउंडवाल्याला कळवायचं आहे, लवकर सांगा.

उंबरठा
वॅट नंतर बघू. खुर्च्या किती? वक्ते किती? माईक कोणते आणि तोंडापासून किती लांब? स्पीकर कुठे ठेवले होते?

काजवा
सभागृह साधंच आहे, माईक चांगले आहेत. फक्त वॅटचा आकडा हवाय.

पाऊसवेडी
आकडा देऊन उपयोग नाही हो. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. आणि स्पीकरचा वाढलेला आवाज माईकमध्येही तेवढाच जास्त शिरणार. तुमचे स्पीकर कमी पडत नव्हते, शिट्टीमुळे ते वाढवता येत नव्हते.

गुलमोहर_७
सगळ्यांना कॉलर माईक लावा, विषय संपला. मी दहा वर्षं तेच करतोय. हात मोकळे राहतात, वक्ता कुठेही वळला तरी माईक सोबत.

चौकट
माझा अनुभव अगदी उलटा आहे. कॉलर माईक छातीवर असतो, तोंडापासून वीतभर लांब. शेजाऱ्याकडे मान वळवली की आवाज पडतो. बहुतेक कॉलर माईक चहूबाजूंनी ऐकतात, म्हणजे स्पीकरही ऐकतात. वर कपड्याची खसखस आणि गळ्यातल्या साखळीची किणकिण. लावायचाच असेल तर गालाजवळ येणारा हेडसेट लावा, नाहीतर सरळ हँड माईक द्या.

गुलमोहर_७
हँड माईक दिला की माणूस तो पोटाशी धरून बोलतो. किंवा जाळीच मुठीत धरतो आणि मग शिट्टी ठरलेलीच. तुम्ही कितीही शिकवा.

चौकट
जाळी मुठीत धरली की माईकच्या मागच्या फटी बंद होतात आणि तो सगळीकडून आवाज घ्यायला लागतो, म्हणून शिट्टी. कार्यक्रमाआधी दोन मिनिटं काढून वक्त्यांच्या हातात माईक देऊन दाखवलं तर बहुतेक जण ऐकतात. मी स्वतः दाखवतो.

सायलेंट_श्रोता
रेकॉर्डिंग करणार असाल तर प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नंतर खोकला कापता येतो.

उंबरठा
रेकॉर्डिंगचं कुणी विचारलेलं नाही. काजवा, स्पीकर कुठे होते ते सांगाल का?

काजवा
बरं, सगळं सांगतो. खुर्च्या दीडशे. टेबलावर ७ माईक, पोडियमवर १. आठही पूर्ण वेळ चालू, मिक्सरवर कुणी बसत नाही, साउंडवाला लावून जातो. माईक टेबलावर छोट्या स्टँडवर, तोंडापासून दोन फूट असतील. स्पीकर वक्त्यांच्या मागे पडद्याजवळ, कारण पुढे ठेवले की बाजूच्या लोकांना वक्ते दिसत नाहीत.

उंबरठा
आता कळलं. स्पीकर माईकच्या तोंडातच बोलत होते. ते टेबलाच्या पुढे आणा, दोन्ही कोपऱ्यांना, उंच स्टँडवर, तोंड श्रोत्यांकडे. उंच घेतले की दिसण्याची अडचणही बरीच मिटते.

दुसरं अंतर. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की सुमारे ६ डेसिबल मिळतात. दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आणलंत तर १२. हे फुकट मिळतात, कुठल्याही स्पीकरने मिळणार नाहीत.

तिसरं, चालू माईकची संख्या. ती दुप्पट झाली की शिट्टी सुरू होण्याआधी आवाज वाढवायला उरणारी जागा ३ डेसिबलने घटते. एकाऐवजी आठ चालू म्हणजे ९ डेसिबल गेले. जो बोलत नाही त्याचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली हवा. त्यासाठी मिक्सरवर माणूस बसलाच पाहिजे, आणि त्याचं लक्ष वक्त्यांच्या चेहऱ्याकडे हवं.

पाऊसवेडी
आणि प्रत्येक माईकवर १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट, म्हणजे त्याखालचे जाडे आवाज कापणारा फिल्टर. टेबलावर हात आपटल्याची धडधड कमी होते.

नवखा_तंत्रज्ञ
माणूस कशाला? प्रत्येक माईकच्या चॅनेलवर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणारी सोय) लावा, आपोआप बंद-चालू होईल.

चौकट
गेट पहिलं अक्षर खातो. "माझं मत" चं "झं मत" होतं. आणि हळू बोलणाऱ्यासाठी तो उघडतच नाही. डिजिटल मिक्सर असेल तर त्यात ऑटोमिक्स आहे का ते विचारा. गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) वाटून घेणारी ही पद्धत अमेरिकन ध्वनितंत्रज्ञ डॅन ड्युगन यांनी १९७० च्या दशकात काढली. जो बोलतो त्याला वाटा जास्त, बाकीच्यांना कमी, एकूण बेरीज एकाच चालू माईकएवढी. परिसंवादासाठी यापेक्षा चांगलं काही मी पाहिलेलं नाही.

नवखा_तंत्रज्ञ
गेटचा थ्रेशोल्ड (तो उघडण्याची पातळी) नीट लावला तर अक्षर जात नाही. मी लावतो.

चौकट
एका वक्त्यासाठी लागतो. सात वेगवेगळ्या आवाजांसाठी नाही.

गुलमोहर_७
मागच्या अर्ध्या खुर्च्यांसाठी डिले स्पीकरही लावा, म्हणजे पुढच्या स्पीकरशी जुळावं म्हणून थोडे उशिरा वाजणारे. दर मीटर अंतराला सुमारे ३ मिलिसेकंद उशीर द्यायचा.

उंबरठा
दीडशे खुर्च्यांना बहुधा गरज नाही. आधी पुढचे स्पीकर जागेवर येऊ देत.

काजवा
एक सांगायचं राहिलं. या वेळी एक वक्त्या व्हिडिओ कॉलवर आहेत. लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडला की झालं ना?

पाऊसवेडी
नाही! हे आधी सांगायचं होतं. त्यांना सभागृहातलं काय ऐकू जाणार? लॅपटॉपच्या माईकवर ठेवलंत तर सगळं विहिरीतून आल्यासारखं. मिक्सरच्या एका ऑक्झमधून (आवाज वेगळा बाहेर काढायची जादा वाट) सगळे माईक लॅपटॉपच्या इनपुटला द्या, फक्त त्यांचा स्वतःचा चॅनेल त्या ऑक्झमध्ये शून्यावर. नाहीतर त्यांना आपलाच आवाज उशिरा ऐकू येईल आणि एक वाक्य धड बोलता येणार नाही. त्यांना हेडफोन लावायला सांगा.

काजवा
आज चाचणी घेतली. स्पीकर पुढे आणले, माईक अर्ध्या फुटावर, मित्र फेडरवर. मी शेवटच्या रांगेत बसलो आणि बहिणीला टेबलावरून वाचायला लावलं. शब्दन् शब्द कळला. शिट्टी एकदाही नाही. रिकामं सभागृह मात्र घुमत होतं.

उंबरठा
माणसं बसली की घुमणं कमी होईल, त्यासाठी आवाज वाढवू नका. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी कॉर्डलेस माईक स्वयंसेवकाच्या हातात ठेवा, त्यानेच तो विचारणाऱ्याच्या तोंडाशी धरायचा. सेल नवे घाला.

काजवा
घालतो. वॅटचं रद्द केलं, आहेत तेच स्पीकर. व्हिडिओ कॉलची चाचणी उद्या ११ वाजता आहे, ऑक्झची वायर सापडली की पुन्हा लिहितो.