मक्ता, ठेका, खासगीकरण : कोणता शब्द कुठे?

भीमाकाठ
सोलापूर महापालिकेच्या बातम्यांत 'मक्तेदार' भेटतो, पुण्यात तोच 'ठेकेदार' होतो. मग 'मक्तेदारी' म्हणजे एकाधिकार कसा झाला? आणि पाणी किंवा बस मक्त्याने दिली तर ते खासगीकरण म्हणायचं का?

नवीपेठ
'मक्ता' मूळ अरबी, अर्थ 'तोडलेलं'. रक्कम एकदा तोडून ठरवायची, पुढे वसुली कमी होवो की जास्त. आपल्याकडचं 'उक्तं' तेच. जुन्या व्यवहारात पैसे मक्तेदार सरकारला द्यायचा: जकातीचा, दारूच्या दुकानाचा हक्क लिलावात घ्यायचा आणि वसुलीतून भरून काढायचा. त्या हद्दीत दुसऱ्याला हात घालता येत नसे, म्हणून 'मक्तेदारी'चा आजचा अर्थ.

आता गंमत बघा. वाहनतळाच्या वसुलीचा मक्ता अजून जुन्याच चालीचा, सगळ्यात जास्त बोली जिंकते. कचरा उचलण्याच्या मक्त्यात मात्र पैसे पालिका देते आणि सगळ्यात कमी बोली जिंकते. शब्द एकच, पैसा उलट्या दिशेने. लबाडीही उलटी: पहिल्यात ठरल्यापेक्षा जास्त पावती फाडली जाते. दुसऱ्यात बिल टनावर असेल तर कचऱ्याच्या गाडीत माती नि राडारोडा भरून वजन वाढवतात. बिल घरांवर ठेवलं तर वजनाचा खेळ संपतो, पण मग दारोदार नोंद तपासायला पालिकेची माणसं लागतात.

शुद्धलेखनवाला
'खासगी' की 'खाजगी'? मूळ 'खास', म्हणून 'खासगी' मुळाला जवळचं. 'खाजगी' रूढ आहे, चूक म्हणू नये. होळकरांच्या राज्यात 'दौलत' म्हणजे राज्याचं उत्पन्न आणि 'खासगी' म्हणजे राणीच्या हाती असलेली स्वतंत्र जहागीर. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना ती मिळाली. अहिल्याबाईंच्या घाट-मंदिरांचा खर्च याच खासगीतून झाला. म्हणजे त्या काळी 'खासगी' पैशातून सार्वजनिक सोय होत होती! आपल्या सोलापूर विद्यापीठाला ज्या अहिल्याबाईंचं नाव आहे, त्यांच्यापासूनच हा शब्द उलटा वाचता येतो.

भीमाकाठ
भारी. पण मूळ प्रश्न राहिला.

तारमार्ग
'खासगीकरण' या एका शब्दात चार गोष्टी कोंबल्या जातात.

कंपनीकरण वेगळं: २००५ मध्ये वीज मंडळाचे भाग होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, मालकी सरकारचीच. निर्गुंतवणूक म्हणजे सरकारने कंपनीतले आपले भाग (शेअर) विकणं. सगळे विकले तरच मालकी पूर्ण जाते. फ्रँचायझी तिसरी: भिवंडीत २००७ पासून वीजवितरण खासगी कंपनीकडे आहे. ती ठरल्या दराने महावितरणकडून वीज घेते, बिलं वसूल करते. ग्राहकाचा दर वीज नियामक आयोगच ठरवतो, जाळं महावितरणचंच. याला 'वीज विकली' म्हणणं चूक. चौथं कंत्राट, म्हणजेच तुम्ही विचारलेला मक्ता किंवा ठेका.

उलट दिशेचा शब्द 'राष्ट्रीयीकरण'. बार्शी लाईट रेल्वे १८९७ पासून खासगी कंपनीची होती, १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण, म्हणून लक्षात राहतं.

नवीपेठ
बसच्या करारात तर शब्दांवरच सगळं अवलंबून. 'ग्रॉस कॉस्ट'मध्ये गाडी आणि चालक ठेकेदाराचे, पालिका किलोमीटरमागे पैसे देते, तिकिटाचं उत्पन्न पालिकेचं. तोट्याचा मार्गही चालतो. पण पैसे किलोमीटरचे असल्यामुळे थांब्यावर उभ्या प्रवाशाला घेण्यात ठेकेदाराचा काही फायदा नाही. म्हणून थांबा चुकवल्याचा दंड करारात लागतो, आणि तो पकडायला जीपीएसची नोंद. 'नेट कॉस्ट'मध्ये तिकीट ठेकेदाराचं. तो गर्दीच्या मार्गावर गाड्या पळवतो आणि रात्रीची शेवटची फेरी पहिली बंद करतो.

दोन्हीला वर्तमानपत्रात 'बससेवेचं खासगीकरण' हाच मथळा येतो.

शुद्धलेखनवाला
मग मथळ्यात काय लिहावं?

तारमार्ग
'बस ठेक्याने, तिकीट पालिकेचं.' एवढं बसतं दोन कॉलमांत.