आईला नुकताच मधुमेह निघालाय, उपवासाचं कसं जमवता?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आईला (वय ५८) मागच्या आठवड्यात मधुमेह असल्याचं कळलं. उपाशीपोटी साखर १६८, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.१. डॉक्टरांनी जेवणानंतर मेटफॉर्मिन ५०० ही साखरेची गोळी सुरू केली आहे, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनंही तपासायला सांगितली आहेत. ते करतोच आहोत.

अडतंय ते ताटाशी. साखर बंद केली, पण ‘गूळ चालतो’ असं शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून गुळाचा चहा सुरू आहे! गुळानेही साखर वाढतेच, हे आईला न दुखवता कसं पटवू? रात्री भात सोडला, मात्र तीन भाकऱ्या आणि पातळ आमटी एवढंच जेवते. उसळ, कोशिंबीर तुम्ही घरच्यांच्या गळी कशी उतरवलीत?

सगळ्यात मोठी काळजी एकादशीची. साबुदाणा, बटाटा, रताळं, सगळं पिष्टमयच. वर्षानुवर्षांचा उपवास सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक यावर कोणी निभावलंय का? साखर किती वाढली? त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारणारच आहे.

घरी साखर मोजायला ग्लुकोमीटर आणलाय, पण बोट टोचायला ती घाबरते. मधोमध न टोचता कडेला टोचलं तर कमी दुखतं, हे कळलंय. आणखी काही युक्ती असेल तर जरूर सांगा.