अंतिम भागाच्या आधीचा वेग नेमका कशातून येतो? ('ब्रेकिंग बॅड', चौथे पर्व)

पाऊलवाट

(मालिका पाहिली नसल्यास पुढे वाचू नये, शेवटासकट सगळे उघड केले आहे.)

'ब्रेकिंग बॅड'चे चौथे पर्व नुकतेच दुसऱ्यांदा पाहिले आणि एक प्रश्न पुन्हा डोक्यात आला. या पर्वाचे पहिले सात-आठ भाग उघडपणे रेंगाळतात. मेथ हा अमली पदार्थ बनवणारा, मूळचा रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट रिव्हॉल्व्हर विकत घेतो, पण ते वापरण्याची संधी त्याला मिळत नाही. त्याची बायको स्कायलर गाड्या धुण्याच्या केंद्राचा सौदा करत बसते. त्याचा साडू, अमली पदार्थविरोधी खात्यातला अधिकारी हँक, अंथरुणात पडून खनिजांचे दगड मागवतो. आणि वॉल्टरचा साथीदार जेसी याला मालकाचा हस्तक माइक याच्या गाडीत बसवून दिवसभर वाळवंटात हिंडवले जाते. त्यानंतर अकरावा भाग 'क्रॉल स्पेस' सुरू होतो आणि तिथून तेराव्या 'फेस ऑफ'पर्यंत प्रेक्षकाला उसंत म्हणून मिळत नाही.

हा वेग हाणामारीतून आलेला नाही, कारण मेक्सिकोतल्या टोळीची सगळी वरिष्ठ फळी एकाच बैठकीत विष पिऊन मरते ती दहाव्या भागात, म्हणजे हा जोर जाणवू लागण्याच्या आधीच. मग तो संकलनाचा परिणाम आहे, पार्श्वसंगीताचा आहे की मुळात लेखनाचा? आणि आधीचा संथपणा टाळता आला असता का?

तिसरी घंटा

माझ्या मते तो लेखनाचाच परिणाम आहे, आणि ज्या भागांना तुम्ही रेंगाळणारे म्हणता त्यांतच त्याचे मूळ आहे. पर्वाचा पहिला भाग आठवून पाहा. त्या दोघांचा मालक, अमली पदार्थांचा बडा व्यापारी गस, प्रयोगशाळेत येतो, एक शब्दही न बोलता कपडे बदलतो आणि स्वतःच्याच माणसाचा, व्हिक्टरचा, गळा चिरतो. वॉल्टर आणि जेसी मात्र वाचतात. ते का वाचतात, तर तो माल त्या शुद्धतेने बनवू शकणारे दुसरे कोणी गसच्या हाताशी उरलेले नाही म्हणून. म्हणजे वॉल्टरचे कवचकुंडल काय, तर त्याची विद्या. आता पुढचे नऊ भाग त्या नजरेने पाहिले, तर माइकच्या गाडीतल्या त्या कंटाळवाण्या फेऱ्यांचा अर्थ बदलतो. जेसीला हळूहळू वॉल्टरपासून तोडून गसच्या बाजूला आणले जात आहे, आणि दहाव्या भागात तो मेक्सिकोतल्या प्रयोगशाळेत एकट्याने माल बनवून दाखवतो, त्या क्षणी वॉल्टरची गरज संपते. ही गोष्ट कोणीही मोठ्याने बोलून दाखवत नाही, पण प्रेक्षकाला ती नीट कळलेली असते.

'क्रॉल स्पेस'मध्ये जे घडते त्याला आपल्याकडे परतीचे दोर कापणे म्हणतात, फरक इतकाच की इथे दोर एका घावात तुटत नाहीत. वाळवंटात गस वॉल्टरला कामावरून काढतो आणि मध्ये पडलास तर बायको, मुलगा आणि तान्ही मुलगी यांना ठार करीन, असे थंडपणे सांगतो. एक वाट तरीही उरते. माणसाला कुटुंबासह नव्या नावाने गायब करून देणारा एक गृहस्थ वॉल्टरचा वकील सॉल याच्या ओळखीचा आहे, ज्याचा उल्लेख चौथ्याच भागात जाता जाता होऊन गेलेला असतो. त्याला रोख पैसे हवेत. पैसे घराच्या फरशीखालच्या पोकळीत आहेत. वॉल्टर तिथे उतरतो आणि पुरेसे पैसे सापडत नाहीत, कारण स्कायलरने त्यातले सहा लाखांहून अधिक डॉलर तिचा पूर्वीचा मालक टेड याच्या थकलेल्या करासाठी देऊन टाकले आहेत. टेडच्या कराचे ते उपकथानक आपण सगळ्यांनीच 'हे कशाला?' म्हणत पाहिले होते. नेमके त्याच वेळी वर फोन वाजतो आणि हँकच्या जिवाला धोका असल्याचे त्याची बायको मरी घाबऱ्या आवाजात सांगते, जो इशारा वॉल्टरच्याच सांगण्यावरून निनावीपणे दिला गेला होता.

संगीत आणि छायाचित्रण तुम्ही म्हणता तसे आहेच. वॉल्टरच्या रडण्याचे हसण्यात रूपांतर होते आणि कॅमेरा त्या चौकोनी भगदाडातून सरळ वर जात राहतो, त्यामुळे तो थडग्यात पडल्यासारखा दिसतो. पण हे दृश्य जर तिसऱ्या भागात आले असते, तर तो केवळ एक आकर्षक कोन ठरला असता.

कोकणकडा

वरच्या विवेचनातला बराचसा भाग मला मान्य आहे. तरी एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे असे वाटते. बाराव्या भागाचा ('एंड टाइम्स') जोर काही प्रमाणात लपवाछपवीवर उभा आहे. जेसीच्या मैत्रिणीचा लहानगा मुलगा ब्रॉक आजारी पडतो, जेसीला सिगारेटीत दडवलेले रायसिन हे विष नाहीसे झाल्याचे लक्षात येते, तो वॉल्टरवर पिस्तूल रोखतो, आणि वॉल्टर त्याला पटवून देतो की हे काम गसचे आहे. आपणही जेसीबरोबर ते मानतो. पर्वाच्या अगदी शेवटच्या चित्रात परसातल्या कुंडीवरची 'लिली ऑफ द व्हॅली' या विषारी झाडाच्या नावाची चिठ्ठी दिसते आणि मग कळते की विष वॉल्टरनेच घातले होते. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून आपण चार पर्वे पाहिली, त्याची सर्वांत मोठी कृती पडद्याआड ठेवणे ही मला काहीशी फसवणूक वाटते. असा वेग मिळवणे सोपे असते.

याच्या उलट, तिसऱ्या पर्वाची चढण मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथे शेवटाच्या तीन भाग आधी 'फ्लाय' येतो, ज्यात दोन माणसे आणि एक माशी जवळजवळ संपूर्ण वेळ एका प्रयोगशाळेत आहेत. खर्च वाचवण्यासाठी तो भाग तसा लिहिला गेला, हे सर्वश्रुत आहे आणि अनेकांना तो अजूनही आवडत नाही. पण जेसीची मैत्रीण जेन हिला मरू दिल्याचे सत्य वॉल्टरच्या ओठांवर येऊन परत जाते, तो प्रसंग तिथेच घडतो. त्यानंतर अवघ्या दोन भागांनी तो जेसीला वाचवण्यासाठी दोन माणसांवर गाडी घालतो, तेव्हा त्या कृतीमागे किती अपराधगंड साचलेला आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्यात लपवलेले काहीच नाही.

जुना वाचक

फसवणुकीच्या आरोपाला छोटे उत्तर: 'एंड टाइम्स' पुन्हा पाहा. वॉल्टर परसात एकटा बसून टेबलावर रिव्हॉल्व्हर गरगर फिरवत असतो. दोनदा नळी त्याच्याकडे वळते आणि तिसऱ्यांदा एका कुंडीकडे, जिच्यावर कॅमेरा क्षणभर थांबतो. सगळे समोर ठेवलेले होते.

माझा मुद्दा वेगळा आहे. मोठा आघात अंतिम भागातच व्हायला हवा, ही अपेक्षा 'द वायर'ने फार आधी मोडून काढली होती. बाल्टिमोरमधले पोलीस आणि अमली पदार्थांचे व्यापारी यांच्यावरच्या त्या मालिकेच्या पहिल्या पर्वात (2002) तेरापैकी बाराव्या भागात वॉलेस हा कोवळा मुलगा त्याच्याच मित्रांच्या हातून मारला जातो. दुसऱ्या पर्वात बारापैकी अकराव्या भागाच्या शेवटी गोदी कामगारांचा पुढारी फ्रँक सोबोटका पुलाखाली आपल्या मरणाकडे चालत जातो. आणि तिसऱ्यात टोळीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्ट्रिंगर बेलचा शेवट होतो तोही अकराव्याच भागात. पाचही पर्वांचे उपांत्य भाग लिहिणारा लेखक एकच होता, जॉर्ज पेलेकानोस, जो मुळात गुन्हेगारी कादंबऱ्यांचा लेखक. अंतिम भाग मग परिणामांसाठी मोकळा राहतो: कोणाला बढती मिळाली, कोण तुरुंगात गेला, कोपऱ्यावरच्या धंद्यात कोणाची जागा कोणी घेतली.

त्यामुळे तिथला वेग 'आता काय होणार' या प्रश्नातून येत नाही. फ्रँकचे काय होणार हे त्याच्याखेरीज सर्वांना, म्हणजे आपल्यालाही, कळलेले असते, आणि तरीही ते शेवटचे पाऊल बघवत नाही. गसच्या मृत्यूने मी चकित झालो होतो. फ्रँकच्या चालण्याने मात्र दोन दिवस अस्वस्थ होतो.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. कुंडीचे दृश्य मी दोन्ही वेळा पाहूनही विसरलो होतो, याची थोडी लाज वाटली. एक उपप्रश्न विचारतो. हे सारे इतके नेमके बसते, तेव्हा लेखकांनी सुरुवातीपासूनच शेवट ठरवलेला असतो का? आणि हे पर्व 17 जुलै ते 9 ऑक्टोबर 2011 असे दर रविवारी एक भाग या गतीने दाखवले गेले होते. मी ते चार रात्रींत संपवले. पाहण्याच्या पद्धतीने परिणाम बदलत असेल ना?

तिसरी घंटा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. 'क्रॉल स्पेस'मधले ते हसू ज्यांनी सात दिवस कानात घेऊन काढले, त्यांना बारावा भाग सुरू होण्यापूर्वीच थकवा आलेला होता. आपण पुढच्या भागाचे बटण दाबतो आणि तो ताण दहा सेकंदांत मोडतो. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांत 'महाएपिसोड'ची जाहिरात आठवडाभर वाजवून हाच ताण बाहेरून आणण्याचा प्रयत्न होतो, पण मूळ गोष्टीत कोंडी नसेल तर जाहिरात तरी काय करणार?

पहिल्याचे उत्तर पर्वागणिक वेगळे आहे. दुसऱ्या पर्वाचा शेवट आधीच ठरलेला होता: चार भागांची शीर्षके ओळीने वाचली की विमान अपघाताची बातमीच तयार होते, आणि तरणतलावात तरंगणारे ते जळके गुलाबी अस्वल पहिल्याच भागात दिसते. याउलट पाचव्या पर्वाच्या आरंभी वॉल्टर गाडीच्या डिकीत एम-60 मशीनगन घेतो, तेव्हा ती कोणावर चालवायची हे लेखकांनाच माहीत नव्हते, असे मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. आधी बंदूक ठेवायची आणि मग तिला साजेसा शत्रू घडवायचा, असा तो उलटा प्रवास होता. शेवटच्या भागातली ती मशीनगन मला गसच्या अंतापेक्षा किंचित ओढूनताणून आणल्यासारखी वाटते, त्याचे कारण कदाचित हेच असावे. व्हीलचेअरवरच्या हेक्टरची, गसला मारणाऱ्या बाँबला जोडलेली ती घंटा मात्र दुसऱ्या पर्वापासून वाजत होती.

कोकणकडा

कुंडीबद्दलचा आक्षेप मागे घेतो. मशीनगनबद्दल सहमत.