बारावी सायन्स आणि नीट: फॉर्म नेमका बोर्डाच्या पेपरांत येतो, कसं जमवायचं?

वाळपईची_आई

नमस्कार. मुलगी सत्तरी तालुक्यात हायर सेकंडरीला आहे, बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो आणि सोबत गणित. डोळ्यांसमोर गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर पोर्शन धावत सुटलाय आणि अकरावीचं निम्मं पुसलं गेलंय. क्लासवाले म्हणतात बोर्ड सोडा, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) धरा. हायर सेकंडरीत सांगतात आधी बोर्ड. वेळ नेमका कसा वाटायचा? गणित आता ओझं वाटतं, त्याचं काय करायचं? आणि दाखल्यांची कामं कधी सुरू करायची? धीर देणारं खूप वाचून झालंय, हिशेब सांगा.

जीवशास्त्र_फोंडा

ताई, आधी नियम. गोमेकॉच्या यादीत क्रम लागतो तो नीटच्या गुणांवर, बारावीचे गुण त्यात मिळवत नाहीत. पण फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ५० टक्के लागतात (एससी, एसटी, ओबीसींना ४०), शिवाय हे तिन्ही आणि इंग्रजी असे चारही विषय स्वतंत्रपणे पास हवेत. इंग्रजीत गचका खाल्ला तर नीटचे गुण नुसते बघत बसायचे. म्हणून बोर्ड सोडायचं नाही, पण ९० टक्क्यांसाठी जीवही काढायचा नाही.

२०२५ सालचं वेळापत्रक समोर ठेवा. बारावीची परीक्षा १० फेब्रुवारीला सुरू झाली, नीटचा फॉर्म ७ फेब्रुवारी ते ७ मार्च, नीट ४ मे रोजी. बोर्ड संपल्यावर हातात राहिले साधारण नऊ आठवडे. त्यात उजळणी होते, पेपर सोडवून होतात. अकरावी नव्याने शिकणं होत नाही. आणि नीटचा जवळपास अर्धा अभ्यासक्रम अकरावीचाच असतो, त्यामुळे मार्चमध्ये गाडी घसरते ती इथेच.

यावर उपाय एकच: अकरावी वेगळी काढून ठेवू नका. बारावीचा जो धडा चालू आहे त्याच्या पोटात अकरावीचा कोणता धडा आहे ते बघा आणि तो त्याच आठवड्यात करा. केमिस्ट्रीत हॅलोअल्केनच्या आधी अकरावीचे ऑरगॅनिकचे मूलभूत नियम आणि हायड्रोकार्बन. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या आधी रेडॉक्स आणि इक्विलिब्रियम. कोऑर्डिनेशन कंपाउंडच्या आधी केमिकल बाँडिंग. बायोत आनुवंशिकतेच्या आधी पेशीविभाजन, विशेषतः मिऑसिसचा पहिला प्रोफेज. डीएनएच्या धड्याआधी बायोमॉलिक्यूल्स. फिजिक्समध्ये अल्टरनेटिंग करंट आणि वेव्ह ऑप्टिक्सच्या आधी दोलनं आणि तरंग.

एक जोडी उघडून दाखवतो. चुंबकीय क्षेत्रात फिरणारा कण: अकरावीच्या वर्तुळाकार गतीतलं केंद्राभिमुख बल आणि बारावीतलं चुंबकीय बल सारखं मांडलं की त्रिज्या हातात येते. बोर्डात हीच सिद्धता पायऱ्यांनी लिहायची. नीटमध्ये प्रश्न असा फिरतो: प्रोटॉन आणि अल्फा कण एकाच वेगाने त्याच क्षेत्रात शिरले तर त्रिज्यांचं गुणोत्तर १:२, पण गतिज ऊर्जा सारखी असेल तर १:१. सिद्धता हाताने लिहिलेली असेल तर दोन्ही उत्तरं अर्ध्या मिनिटात निघतात. पाठ केलेल्या सूत्रावर मूल वेग आणि ऊर्जा यांत गोंधळतं.

बायोचंही तसंच. बीजांडाची आकृती बोर्डासाठी नावांसकट काढायची, मग त्याच आकृतीवर बोट ठेवून मोजायचं: भ्रूणकोशात सात पेशी, आठ केंद्रकं, मधल्या पेशीत दोन. गोवा बोर्डाला पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत, ही आपल्या मुलांची मोठी सोय. तेच पुस्तक, दोन वेळा, दोन नजरांनी.

वेळ विचारलात म्हणून: डिसेंबरअखेरपर्यंत घरी रोज चार तास मिळत असतील तर अडीच तास बारावीचा धडा (त्यातला एक तास लिहून), एक तास त्याच्या जोडीची अकरावी, अर्धा तास त्या दोन्हींवरचे पर्यायी प्रश्न. रविवारी दुपारी २ ते ५ एक पेपर, कारण नीटची वेळ तीच आणि दुपारी झापड येते ती सवयीनेच जाते. जानेवारीपासून बोर्ड संपेपर्यंत नीटसाठी रोज पाऊण तास फक्त बायो. बाकी सगळं बोर्डाचं.

एक सूचना. ताई-दादांची जुनी गाइडं आणून अभ्यास करू नका. २०२४ पासून नीटचा अभ्यासक्रम बदलला. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर, पचनसंस्था, वनस्पतींतलं वहन हे गळलंय. मुलं अजून त्यावर आठवडे घालवतात.

दाखले_डिचोली

अभ्यासाचं वर आलंय, मी कागदांचं सांगतो. फॉर्म बोर्डाच्या पेपरांत येतो म्हणून मुलीला त्यात बसवू नका. पालकांनी भरावा, तिने शेवटी एकदा नजर टाकावी.

जानेवारीतच तयार ठेवायचं ते असं. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, चेहरा ८० टक्के, दोन्ही कान दिसणारा. पासपोर्ट आकाराच्या आठ-दहा प्रती आणि ४ बाय ६ इंचाच्या तीन-चार, सगळ्या एकाच फोटोच्या. पोस्टकार्ड आकाराचा फोटो परीक्षेच्या दिवशीही लागतो. सही वळणदार अक्षरात, कॅपिटलमध्ये केलेली चालत नाही. दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे पांढऱ्या कागदावर, शाई फार लावू नका, रेषा बुजतात. दहावीचं प्रमाणपत्र. प्रत्येक फाइलला किती केबी ते माहितीपत्रकात असतं. मोबाइलवरून थेट चढवलेला फोटो बहुधा मोठा पडून अडकतो. २०२५ ला फी सर्वसाधारण १७००, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) आणि ओबीसी १६००, एससी, एसटी आणि दिव्यांग १००० रुपये.

मोबाइल नंबर आणि ईमेल घरातलाच द्या. सायबरवाल्याचा नंबर दिला तर जूनमध्ये ओटीपीसाठी त्याच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आपल्याकडचा खास घोळ म्हणजे आडनावाचं स्पेलिंग. दहावीच्या प्रमाणपत्रावर देसाईला एक एस, जन्मदाखल्यावर दोन, आधारवर तिसरंच. नाईक आणि गावकर यांचंही तेच. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरा, आधार त्याप्रमाणे आताच दुरुस्त करा. फेब्रुवारीत रांगेत उभं राहायला कोणाला वेळ नसतो.

रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून. राज्यातले प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालय करतं; आधी त्याचं गेल्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस उघडा, त्यात किती वर्षांचा रहिवास आणि कोणत्या नमुन्यात हवा ते दिलेलं असतं. तोच नमुना घेऊन जा. नोकरीसाठी काढलेला दाखला घरात आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि पर्वरीला संचालनालयात कागद तपासताना अडकतात. तलाठ्याच्या अहवालाला दिवस लागतात, तेव्हा हे काम दिवाळीनंतर लगेच घ्या.

वाळपईची_आई

दाखलेदादा, खूप उपयोगी. आम्ही ओबीसी आहोत. फॉर्ममध्ये सरळ ओबीसी भरायचं ना?

दाखले_डिचोली

थांबा, इथेच फसगत होते. नीटच्या फॉर्ममधलं ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतलं, तेही नॉन-क्रीमी लेअर (उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे). तुमची जात फक्त गोव्याच्या यादीत असेल तर नीटला सर्वसाधारण भरायचं. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी संचालनालयाच्या अर्जात मग राज्याच्या यादीप्रमाणे ओबीसी लिहिता येतं. दोन्ही याद्यांत जात असेल तरी प्रमाणपत्राचे नमुने वेगळे, दोन्ही काढा. आणि नॉन-क्रीमी लेअर असो वा ईडब्ल्यूएस, उत्पन्नावर आधारलेले दाखले प्रवेशाच्या वेळी चालू आर्थिक वर्षाचे मागतात. म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेले. आता घाईने काढून ठेवलेला दाखला मेमध्ये शिळा झालेला असतो. रहिवासी आधी, उत्पन्नाचे नंतर, हा क्रम उलटा करू नका.

फिजिक्स_म्हापसा

गणिताबद्दल. मेडिकलला गणित लागत नाही. पण बोर्डाला बसायचंच आहे आणि इंजिनिअरिंगची वाट उघडी राहते. पास होण्यापुरतं ठेवा, आठवड्याला तीन-चार तास. डेरिव्हेटिव्ह आणि व्हेक्टर फिजिक्समध्येही वापरले जातात, ते पक्के करून घ्या, बाकी प्रश्नसंचावर भागवा.

प्रॅक्टिकलचं जर्नल कुणी मनावर घेत नाही. नव्या अभ्यासक्रमात फिजिक्सला प्रयोगकौशल्याचा स्वतंत्र भाग आहे: व्हर्निअर, स्क्रू गेज, साधा लंबक, मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब. केमिस्ट्रीतही प्रात्यक्षिकांवरचा भाग आहे. बोर्डाच्या प्रॅक्टिकलआधी स्क्रू गेजची शून्य त्रुटी स्वतः मोजून पाहिली, ती अधिक असेल तर वजा करायची हे हाताने केलं, की नीटचा तो प्रश्न फुकटात सुटतो. जर्नल दुसऱ्याचं उतरवून काढलं की दोन्हीकडे नुकसान.

आता पेपर. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, जादा प्रश्नांतून निवडायची सोय गेली. बायो ९०, केमिस्ट्री ४५, फिजिक्स ४५. बायो ४५ ते ५० मिनिटांत, केमिस्ट्री ५०, फिजिक्सला ६५, उरलेली ओएमआरची, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे गोल भरायची. २०२५ चं फिजिक्स लांबलचक होतं. त्यात अडकलेल्यांची केमिस्ट्री राहून गेली. म्हणून फिजिक्स शेवटी. गोल प्रत्येक पानानंतर भरा. शेवटच्या दहा मिनिटांत १८० गोल भरायला गेलं की एक ओळ सरकते आणि पुढची सगळी उत्तरं सरकतात. बॉलपेनने भरलेला गोल खोडता येत नाही.

बरोबरला ४, चुकीला उणे १. चारांतले दोन पर्याय बाद करता आले तर ठोकायचं, सरासरी दीड गुण हाती लागतो. एकही बाद होत नसेल तर सरासरी फायदा पाव गुणाचा, तो जुगार टाळलेला बरा. गुण सारखे पडले तर आधी बायोचे गुण बघतात, त्यामुळे बायोत अंदाजपंचे करू नये.

केंद्राचं फाटक दीडला बंद होतं आणि परीक्षा रविवारी असते. सत्तरीतून रविवारी कदंबाच्या (सरकारी बसच्या) भरवशावर निघू नका, वाहन ठरवा. अर्ध्या बाह्यांचा साधा कपडा, चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली. पेन आतच देतात.

पेडणेकर_०७

फक्त गोमेकॉवर सगळं टांगू नका. बांबोळीलाच गोवा डेंटल कॉलेज आहे. शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी दोन्ही कॉलेजं आहेत. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था २०२२ मध्ये सुरू झाली. या सगळ्यांना नीट लागते, पण आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) अखिल भारतीय जागांचं कौन्सेलिंग वेगळ्या समितीकडून होतं, तिथे वेगळी नोंदणी.

एमबीबीएसच्या १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी एमसीसीची (केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग समितीची) नोंदणी करताना डीम्ड (अभिमत) विद्यापीठांची खूण विचार करून करा. सर्वसाधारण गटाला एरवी १००० रुपये फी आणि १०,००० अनामत. डीम्डची खूण केली की ५००० फी आणि २ लाख अनामत. जागा घ्यायचीच नसेल तर उगाच पैसे अडकतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत परत मिळते, दुसऱ्या फेरीतली सोडली तर ती जाते.