वावडं म्हणजे अ‍ॅलर्जी, की नुसतं सोसत नाही?

कृष्णाकाठ, सांगली: शाळेच्या सहलीचा फॉर्म मराठीत करतेय. 'अ‍ॅलर्जी किंवा सेन्सिटिव्हिटी' असं दोन्ही विचारलंय, मी 'कशाचं वावडं आहे का' एवढ्यात उरकलं, तर बहीण म्हणाली हे अजिबात चालणार नाही. तिच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मागे एका लग्नात आचाऱ्याला सांगितलं, ह्याला दाण्याचं वावडं आहे, तर त्यानं चिवड्यातले दाणे वेचून दिले आणि काकडीची कोशिंबीर कूट घातलेली तशीच वाढली. दोन घासांत पोराचे ओठ सुजले, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली, मिरजेला पोचेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. मग दोन शब्द कुठले वापरू?

वाईकर: वावडं म्हणजे अंगाला न मानवणारं. चांगला जुना शब्द आहे, आचाऱ्याच्या चुकीपायी टाकू नका. आमच्या घरी दूध सोसत नाही तेही वावडंच. अगदीच शास्त्रीय हवा तर प्रत्यूर्जता.

कराडचा औषधवाला: प्रत्यूर्जता हिंदीवाले लिहितात, तो वाचून कुठली आई फॉर्म भरेल? आणि दूध न सोसणं वेगळं हो. त्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं, पोट फुगतं, जुलाब होतात, पण चहापुरतं दूध बऱ्याच जणांना चालतं. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पदार्थावर उठते, तिथं चिमूटभर कूटसुद्धा जिवावर बेतू शकतं. आणि अ‍ॅलर्जी तरी इंग्रजांच्या घरचा कुठाय, १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरनं ग्रीक शब्द जोडून केला, अ‍ॅलॉस म्हणजे वेगळं आणि एर्गॉन म्हणजे काम.

तासगावकर: बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तेव्हा आमच्या दमेकरी चुलत्यांची छाती भरते. डॉक्टर म्हणाले ही अ‍ॅलर्जी नव्हे, सेन्सिटिव्हिटी. पण माणूस बसून रात्र काढतो, त्याला 'सोसत नाही' म्हणणं फार मवाळ वाटतं मला.

कृष्णाकाठ, सांगली: म्हणूनच विचारतेय. 'अ‍ॅलर्जी' आणि खाली 'काय खाल्लं की त्रास होतो' असं ठेवू का? आचाऱ्याला कळायला हवं की कणभरही नको.

वाईकर: ठेवा, पण वावडंही राहू दे. मला वाटतं तो वावडिंगावरून आला असावा.

तासगावकर: वावडिंगाचं पाणी तर बाळाला मुद्दाम पाजतात! मग वावडं कसं?

वाईकर: मग वावडीवरून. वावडी म्हणजे पतंग, वाऱ्याची वस्तू, आणि वात म्हणजेही वाराच की.

कराडचा औषधवाला: ओढूनताणून आहे हे. आमची आजी तर दोन्ही शब्द वापरायची नाही. अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणायची आणि आमसुलाचं पाणी चोळायची.

तासगावकर: आमच्यात गांधी माशी चावल्यावर उठते. पित्ताचं वेगळं, ते उमटतं.