सुधारणाक्षम म्हणजे सुधारणारा की सुधारवणारा?

एका निकालाचं मराठी भाषांतर तपासत होते, त्यात 'आरोपी सुधारणाक्षम आहे काय' असं वाक्य आलं आणि मी तिथेच अडकले. कार्यक्षम म्हणजे काम करू शकणारा, मग सुधारणाक्षम म्हणजे सुधारणा करू शकणारा ना? मला क्षणभर आरोपी म्हणजे आगरकरच वाटले! बरोबर शब्द कोणता?

*

शब्द चूक नाहीये ताई. -क्षम दोन्हीकडे वळतं. संस्कारक्षम वय म्हणतो तेव्हा ते वय कुणावर संस्कार करत नसतं, त्याच्यावर होतात. क्षम् धातूचा अर्थच सोसणे, क्षमा आणि अक्षम्य तिथूनच आलेत, म्हणजे जो पेलू शकतो तो क्षम, मग ते काम असो नाहीतर संस्कार.

खरा घोळ 'सुधारणे' मध्ये आहे. 'पोरगा सुधारला' आणि 'बाईंनी वही सुधारली', एकच क्रियापद, पण एकीकडे आपोआप होतंय आणि दुसरीकडे कुणीतरी करतंय, आणि त्यापासून 'सुधारणा' हे नाम केलं की कोण करतंय ते गायबच होतं. कोर्टाच्या संदर्भात मात्र हा फरक महत्त्वाचा आहे. बच्चन सिंग खटल्याच्या १९८० च्या निकालात फाशी की जन्मठेप हे ठरवताना आरोपी सुधारण्याची शक्यता बघायला सांगितलंय, आणि तशी शक्यता नाही हे पुराव्याने दाखवायचं काम सरकारचं. 'सुधारणाक्षम' लिहिलं की ते आरोपीच्या अंगचा गुण असल्यासारखं वाटतं, लाकूड ज्वलनशील असतं तसं, आणि मग ते सिद्ध करायचं ओझंही नकळत त्याच्याच डोक्यावर जातं. मी तरी सरळ 'सुधारण्याची शक्यता' लिहीन, दोन शब्द झाले तर झाले.

*

सुधारण्याजोगा का नको? सुटसुटीत आहे की.

*

'तुझं अक्षर सुधारण्याजोगं आहे' असं सर म्हणाले तर तुम्ही खूश व्हाल का? :) त्यात 'सुधारायची गरज आहे' हाच अर्थ आधी ऐकू येतो.

*

बोलताना यातलं काहीच कोणी म्हणत नाही. आमची आजी म्हणायची 'ओल आहे अजून त्याच्यात', म्हणजे माती ओली आहे तोवर वळण देता येतं. बाकी आपल्याकडे न सुधारणाऱ्यांसाठीच भाषा एवढी श्रीमंत आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, कुत्र्याचं शेपूट, पालथ्या घड्यावर पाणी, जित्याची खोड... उलट बाजूची एक म्हण आठवून दाखवा, मला तरी सुचेना.

अवांतर, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर माहीत असेलच, औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली कैद्यांची खुली वसाहत, भिंती नाहीत, शेती करायची, बायकापोरं सोबत. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला. आणि तुरुंगखात्याचं आत्ताचं नावही 'कारागृह व सुधारसेवा' आहे, 'सुधार' असा तोकडा शब्द हिंदीतून उचललाय असं मला वाटतं, मराठी कान 'सुधारणा' च शोधतो.

*

मी 'सुधारण्याची शक्यता' केलं. पण पुढच्याच पानावर याचा विरुद्धार्थी शब्द आलाय, आणि भाषांतरकाराने चक्क 'असुधारणाक्षम' ठोकलंय. कोडगा लिहिता येणार नाही, निर्ढावलेला पण नाही, तो आधीच निकाल दिल्यासारखा होतो. सुचवा काहीतरी, उद्या द्यायचंय.