शब्दचर्चा: मलम ‘दाह’ कमी करतं, पण आत्याला दाह होतोच कुठं?

शेंगाचटणी:
सोलापुरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांसाठी सोरायसिसच्या (कातडीवर कोंडा सुटणारे जाड चट्टे उठतात तो रोग) मलमांचं दोन पानी माहितीपत्रक मराठीत करतोय. एका वाक्यापाशी चार दिवस गाडी अडलीय. मुद्दा असा की ही मलमं रोगप्रतिकारक पेशींमधलं ‘इन्फ्लमेटरी सिग्नलिंग’, म्हणजे रोग भडकवणारे पेशींचे आपसातले इशारे, दाबतात. मी लिहिलं, ‘दाहकारक संकेतन मंदावते’. डॉक्टर म्हणाले, झकास. मग घरी आत्याला वाचायला दिलं. तिच्या कोपरांवर बारा वर्षं सोरायसिस आहे. सकाळी ती चादर झटकते तेव्हा खिडकीतल्या उन्हात पांढरा कोंडा तरंगताना दिसतो. तिनं चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला. “मला कुठं आग व्हायलीय? खाज सुटायलीय. हे दुसऱ्या कुणाचं असंल.”

वर गंमत म्हणजे तिला कॅल्सिपोट्रिऑलचं मलम दिलं होतं, तेव्हा पहिले काही दिवस लावल्यावर चुरचुरायचं. म्हणजे दाह घालवणाऱ्या मलमानंच दाह! शब्द सुचवा.

धातुसाधित:
दह् म्हणजे जळणे, त्यामुळे आत्याबाईंचा आक्षेप रास्त आहे. नेमका शब्द ‘शोथ’. आंत्रपुच्छशोथ, संधिशोथ रूढ आहेतच. मराठी विश्वकोशात ‘दाहयुक्त सूज’ असाही प्रयोग सापडेल. शोथ लिहा, लोक शिकतील.

पूर्वभागकर:
लोक शिकतील म्हणे! आमच्या घरी तेलुगू, कारखान्यात हिंदी, दवाखान्यात मराठी. ‘शोथ’ दिसला तर छापखानेवालाच चूक समजून त्याचा ‘शोध’ करून टाकेल.

ओपीडीबाहेर:
शोथातही सूजच आहे, धातुसाधितकाका. सोरायसिसचा चट्टा जाड असतो, पण त्याला सूज म्हणणारा पेशंट मी अजून पाहिला नाही. इंग्रजी ‘इन्फ्लमेशन’ या शब्दाच्या पोटातही लॅटिन ज्वाळाच आहे, तिचाच आपण दाह केला. रोमन लेखक सेल्सस यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात याची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, ऊब, वेदना. खाज त्यात नाहीच. आत्या बरोबर आहेत.

आता आत काय चालतं ते बघा. फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेन्ड्रायटिक या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-२३ हे रसायन सोडतात. त्यानं टी पेशी, म्हणजे एक जातीच्या पांढऱ्या पेशी, चेकाळतात आणि इंटरल्युकिन-१७ सोडतात. ते कातडीच्या पेशींना पोचलं की त्यांची घाई सुरू. एरवी तळापासून वर यायला महिनाभर लागतो, ते चार-पाच दिवसांत उरकतात. कच्च्याच पेशींचे थर साचतात, तोच आत्यांचा कोंडा. आणि कातडीच्या पेशी गप्प बसत नाहीत, त्याही उलट रसायनं सोडून आणखी पांढऱ्या पेशी बोलावतात. हे सगळं जळणं कमी आणि बोलणं जास्त आहे. ‘इंटरल्युकिन’ हे नाव १९७९ मध्ये ठरलं, त्याचा अर्थच ‘पांढऱ्या पेशींच्या आपसातलं’. म्हणून दाह सोडा, ‘निरोप’ धरा.

धातुसाधित:
निरोप? म्हणजे मलम पेशींचा निरोप समारंभ करतं? ‘संकेत’ काय वाईट आहे?

कडकभाकरी:
संकेत म्हणजे नदीकाठी भेटायचं ठरवणं हो काका 😄 आमच्या मंगळवेढ्याकडं ‘सांगावा’ म्हणतात. आणि हे ओपीडीबाहेर डॉक्टर सांगतात ते बोलावणं म्हणजे सरळ ‘आवतण’. पांढऱ्या पेशींना आवतण गेलं, त्या जेवायला बसल्या, आता पंगत उठंना!

पूर्वभागकर:
सांगावा मस्त. पण मला वेगळंच आठवलं. चादरीची नक्षी जकार्ड मागावर उतरते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक पुठ्ठा मागंपुढं झाला तर फुलाची पाकळी प्रत्येक चादरीवर तुटकी येते. तिथं कुणी संकेत-बिंकेत म्हणत नाही. ‘पुठ्ठा चुकला’ म्हणतात, सगळ्यांना कळतं.

ओपीडीबाहेर:
वा, हे मला ओपीडीत वापरता येईल. स्टेरॉइड नेमकं पुठ्ठ्यापाशी काम करतं. पेशीत शिरतं, आपल्या ग्राहीला (रसायन पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, केंद्रकात जातं आणि सांगावे लिहिणाऱ्या जनुकांचं वाचन दाबतं. कॅल्सिपोट्रिऑल ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीतून टी पेशींना आवरतं, कातडीच्या पेशींची घाईही कमी करतं. रोफ्लुमिलास्ट पीडीई-४ हे विकर (एन्झाइम) अडवतं. त्यामुळे पेशीतलं सीएएमपी हे रसायन तुटत नाही, साठतं, आणि सांगावे कमी सुटतात. टॅपिनारोफ आणखी वेगळ्याच ग्राहीला धरतं. अमेरिकेत ही शेवटची दोन्ही २०२२ मध्ये मंजूर झाली. म्हणजे शेंगाचटणी, तुमचं ‘मंदावते’ हेच क्रियापद चार निरनिराळ्या कामांवर पांघरूण घालतंय. माझं भांडण खरं तर त्याच्याशी आहे.

गंमत म्हणजे टॅपिनारोफ ज्या ग्राहीला धरतं त्यालाच जुनं डांबराचं मलमही धरतं. डांबर वापरात येऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, ते कुठं चिकटतं हे कळलं अलीकडे.

कडकभाकरी:
डांबर! आमच्या आजोबांच्या सदऱ्याला कायम तो वास. पत्र्याच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा म्हणायचा की मलमाचा, कधी कळलंच नाही.

धातुसाधित:
‘डांबर’ मूळचा आपला नसावा. मलायी भाषेत ‘दमर’ म्हणजे राळ, माझा संशय तिकडे आहे.

पूर्वभागकर:
काका, शुद्धच हवं तर ‘मलम’पण टाका. ते अरबी ‘मरहम’. ‘लेप’ लिहा.

धातुसाधित:
मलम पचलेला शब्द आहे. तो वेगळा.

पूर्वभागकर:
आणि ‘सिग्नल’ पचला नाही? सात रस्त्यावर रोज तोडतात की लोक!

शेंगाचटणी:
मंडळी, उद्या छपाईला द्यायचंय. ‘दाह’ काढला. ‘भडका’ सुचला होता, पण पुन्हा आगच. रोग परत वर येतो त्याला आत्या ‘उचल खाल्ली’ म्हणते, ते मलम मनानं एकदम बंद करू नका या सूचनेत घातलं. ओपीडीबाहेर डॉक्टरांचं पटलं म्हणून चार औषधांना चार क्रियापदं केली. आता ‘सांगावा’ की ‘निरोप’ तेवढं सांगा.

ओपीडीबाहेर:
सांगावा. पण शहरातल्या पोरांना कळेल का?

कडकभाकरी:
न कळायला काय झालं! बरं, डॉक्टर, डांबरगोळ्यांचा डांबराशी संबंध आहे का खरंच?

ओपीडीबाहेर:
आहे. नॅफ्थलीन कोळशाच्या डांबरातूनच काढायचे.

धातुसाधित:
मग ‘डांबरी गोळ्या’ म्हणा. ‘डांबरगोळ्या’ हा समास मला खटकतो.

पूर्वभागकर:
डांबरी रस्ता असतो, काका. गोळ्या डांबराच्याच.